धरायचा आणि सोडायचा

मालवणला आमच्या घरी मासा हा चवीने बोलण्याचा विषय, आणि बोलून झाले की चवीने खाण्याचा. खाडीच्या काठी गरी घेऊन बसणे याला तिकडे कोणी छंद म्हणत नसे. संध्याकाळच्या कालवणाची ती सोय असे. तेव्हा साठी उलटल्यावर मी सातासमुद्रापलीकडे जाऊन, पदरचे पैसे मोडून, चार दिवस गुडघाभर पाण्यात उन्ह खात उभा राहिलो, एक मासा धरला आणि तोही परत पाण्यात सोडून दिला, ही वार्ता गावी पोचली तेव्हा फोनवर काकूचा पहिला प्रश्न आला, तो असा: "धरलंस आणि सोडलंस? मगे गेललंस कित्याक?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. आज थोडेफार देता येईल असे वाटते, म्हणून हा लेख.

त्या माशाचे नाव बोनफिश. नावावरूनच कळेल की काटे अपरंपार. आपल्याकडच्या भिंगाचे काटे निवडण्यात ज्यांची हयात गेली त्यांनाही तो दाद देणार नाही. अंगावर आरशासारखे रुपेरी खवले, निमुळते तोंड, आणि घशात अशी दणकट हाडे की कुर्ल्या नि शिंपले तो आत नेऊन सरळ भरडतो. वजन बहुधा तीन ते पाच पौंड. दहा पौंडांचा मिळाला तर माणूस जन्मभर सांगत फिरतो. भरतीबरोबर हा मासा खोल समुद्रातून उथळ, वाळूच्या पठारांवर चरायला येतो आणि ओहोटीला मागे फिरतो. तेथे पाणी कधीकधी इतके थोडे असते की तोंड वाळूत खुपसून तो खाऊ लागला म्हणजे शेपटी पाण्याबाहेर येते आणि उन्हात चमकते. पुष्कळ वर्षे गळ टाकणाऱ्या माणसालाही ती शेपटी दिसली की हात कापू लागतो. माझे तर गुडघेही कापले.

मला हे वेड लागले ते फ्लॉरिडात, मुलीकडे राहायला गेलो असताना. तिच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळी घरासमोरच्या हिरवळीवर एक नऊ फुटी काठी घेऊन हवेत दोरी फिरवीत. मला आधी वाटले, हा काही व्यायामाचा प्रकार असावा. मग कळले की याला फ्लाय टाकणे म्हणतात. फ्लाय म्हणजे बारीक गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा किंवा खोटी कोळंबी. तिला वजन असे नसतेच. म्हणून आपल्याकडे शिसे बांधून गरी भिरकावतात तशी ती जात नाही. येथे वजन असते ते दोरीला. दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचे, आणि मग पुढे सोडायची. त्या क्षणभर थांबण्यातच सारी विद्या आहे. मला ती यायला तीन महिने लागले, आणि त्या अवधीत माझा एक चष्मा आणि मुलीची दोन फुलझाडे कामी आली.

फ्लॉरिडाच्या दक्षिणेस जी बेटांची माळ आहे, तेथेच या खेळाचा खरा आरंभ झाला. त्याआधी फ्लायला एखादा बोनफिश चुकून लागलाही असेल. पण १९४७ साली जो ब्रुक्स या नामांकित मत्स्यशिकाऱ्याने जिमी अल्ब्राइट नावाच्या वाटाड्याच्या होडीतून, मासा आधी डोळ्यांनी पाहून, मुद्दाम त्याच्यापुढे फ्लाय टाकून तो धरला, तेव्हापासून लोकांना हे शक्य आहे असे वाटू लागले. आता मात्र तिकडे बोनफिश फार रोडावला आहे. २०१३ पासून फ्लॉरिडात तो धरला तर सोडूनच द्यावा लागतो. शेजारी म्हणाले, "तुम्ही बहामाला जा. अँड्रॉस बेटावर. म्हणजे मी काय सांगतो ते कळेल."

अँड्रॉस हे बहामातले सर्वांत मोठे बेट. नासाऊहून छोट्या विमानाने पाऊण तासही लागत नाही. चहूकडे खारफुटी, ओढे, आणि मैलोगणती उथळ पाणी. इतके नितळ की होडी काचेवर ठेवल्यासारखी वाटावी. माझा वाटाड्या माझ्याच वयाचा, काळासावळा, मितभाषी माणूस होता. तो होडीच्या मागच्या बाजूस उंच चौथऱ्यावर उभा राहून लांब काठीने होडी रेटीत असे आणि मी पुढच्या टोकावर. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "अकरा वाजता, पन्नास फूट."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वानऊ झाले होते.

त्याच्या बोलण्याचा अर्थ असा की होडीचे टोक म्हणजे बारा, आणि मासा त्याच्या थोडा डावीकडे. मी डावीकडे पाहिले. पाणी होते, वाळू होती, मासा नव्हता. "दहा वाजता, चाळीस फूट." पाणी, वाळू. "नऊ. गेले." असे पहिले दोन दिवस चालले. बोनफिशचे अंग म्हणजे आरसा. खालच्या वाळूचाच रंग तो आपल्याला दाखवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटाड्याने मला एकच सूचना दिली: मासा पाहू नका, सावली पाहा. वाळूवर सरकणारी करडी सावली दिसू लागली आणि मग, डोळ्यांवरचा पडदा ओढावा तसे, तीच जागा माशांनी भरलेली दिसली. वीस होते. सकाळपासून असे किती थवे माझ्या नाकासमोरून गेले असतील!

माझ्या गळाला जी फ्लाय होती तिचा जन्म याच बेटावर झालेला आहे. १९७७ साली बॉब नॉहाइम नावाचा एक अमेरिकन पाहुणा येथल्या चार्ली स्मिथ या वाटाड्याबरोबर हिंडत असताना त्याने पारदर्शक धागा, पिसे आणि साखळीचे दोन मणी डोळे म्हणून लावून एक फ्लाय बांधली. मण्यांच्या भाराने ती बुडताना उलटी होते आणि गळाचे टोक वर राहते, त्यामुळे तळाच्या गवतात अडकत नाही. चार्लीला ती भलतीच पसंत पडली आणि तिला त्याचेच नाव मिळाले. आज क्रेझी चार्ली ठाऊक नाही असा बोनफिशवाला सापडणे कठीण. बांधणाऱ्यापेक्षा वाटाड्याचे नाव मागे राहिले, हे मला तरी न्याय्य वाटते. मासा दाखवणारा तो. आपण नुसती दोरी फेकतो.

तिसऱ्या दिवशी एक मासा माझ्या फ्लायमागे वळला, खाली वाकला, आणि मी लहानपणापासूनच्या सवयीने काठी वर उचलून झटका दिला. फ्लाय त्याच्या तोंडातून निसटून थेट माझ्या टोपीत रुतली. येथे काठी खालीच ठेवून हाताने दोरी ओढावी लागते. मालवणची पन्नास वर्षांची विद्या विसरायला मला आणखी तीन मासे गमवावे लागले. चौथा लागला. रीळ किंचाळू लागले. शंभर यार्ड दोरी कशी गेली ते कळलेच नाही. मी नुसता तोंड उघडून उभा. दोनदा जवळ आणला, दोनदा तो पळाला. अखेर हाती आला तेव्हा तो दमला होता आणि मी त्याहून.

आता जे सांगायचे ते सांगायला मला अजून संकोच वाटतो. मी त्याला उचलून धरले. फोटो काढायचा होता. पहिला फोटो उन्हाच्या तिरिपीमुळे बिघडला, म्हणून दुसरा. दुसऱ्यात माझी टोपी आड आली, म्हणून तिसरा. वाटाड्या एकदा म्हणाला, "पाण्यात, साहेब." मी म्हटले, "एकच." मग सोडला. तो जरा वेळ कुशीवर कलला, सावरला, वीसेक फूट गेला; तेवढ्यात खारफुटीच्या बाजूने एक लेमन शार्क, आपल्याकडच्या मोरीच्या जातीचा, पण माणसाच्या लांबीचा, सरळ रेषेत आला. पाण्यात एक ढवळ उठली. नंतर थोडे खवले तरंगत होते. वाटाड्याने काही म्हटले नाही. काठी उचलली आणि होडी दुसरीकडे नेली.

परत आल्यावर मी वाचू लागलो. बहामातल्याच एलुथेरा बेटावर शास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केलेला आढळला. सोडताना ज्या बोनफिशचा तोल गेलेला असतो तो शिकारी माशांच्या तोंडी जाण्याचा संभव इतरांच्या सुमारे सहापट असतो, असे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. आणि तोल जातो तो मुख्यतः हाताळण्याने व हवेत धरण्याने. म्हणजे सोडून देण्याचे पुण्य मी ज्यावर मिरवत होतो ते त्या तीन फोटोंत केव्हाच खर्च झाले होते.

याच वाचनात माशाचा बाकीचा संसारही कळला. थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, पुनवेच्या आणि अवसेच्या सुमारास, हजारोंनी बोनफिश एकत्र जमतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि दिवस मावळताना खोल समुद्राकडे निघतात. गुडघाभर पाण्यात चरणारा हा मासा अंडी घालायच्या रात्री साडेचारशे फूट खोल जातो! पिल्ले काचेच्या फितीसारखी पारदर्शक; दीड-दोन महिने ती प्रवाहाबरोबर वाहतात आणि मग आकसून, लहान होऊन, माशाचे रूप घेतात. वाढताना आधी लहान होणारे पोर मी प्रथमच ऐकले.

फ्लॉरिडातली दुसरी हकिकत इतकी रम्य नाही. तेथल्या विद्यापीठाने २०२२ साली ९३ बोनफिश तपासल्याचे जाहीर केले. सरासरीने प्रत्येक माशात सात औषधे निघाली. एकात तर सतरा. रक्तदाबाच्या, मनाच्या आजारांच्या, दुखण्यावरच्या गोळ्या, सारे माणसांच्या सांडपाण्यातून आलेले. यादी वाचताना मला माझ्या उशाशी असलेली डबी आठवली.

बहामात लोकांना या माशाची किंमत कळली आहे. पूर्वी ते तो जाळ्याने ओढून खात. आता तो जाळ्याने धरता येत नाही की विकता येत नाही. २०१० सालच्या एका पाहणीत या उथळ पाण्यातल्या मासेमारीपासून देशाला वर्षाकाठी सुमारे १४ कोटी डॉलर मिळत असल्याचे दिसले, आणि त्यातला बराचसा पैसा अशा आडबेटांवर जातो जेथे दुसरा धंदा नाही. वाटाड्यालाही तेथे मान आहे. बिमिनी बेटावरचा अँसिल साँडर्स हा होड्या बांधणारा व बोनफिश दाखवणारा. १९७१ साली त्याच्या होडीतून १६ पौंड ३ औंसांचा बोनफिश निघाला. पण बेटावर त्याची कीर्ती आणखी एका कारणाने आहे. १९६४ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणाची जुळवाजुळव करायला मार्टिन ल्यूथर किंग तेथे आले, तेव्हा खारफुटीतल्या शांत ओढ्यात त्यांना घेऊन गेला तो हाच. (आपल्या लोकांसाठी जवळचा पत्ता हवा असेल तर मॉरिशसच्या मराठी बांधवांना विचारावे, त्यांच्या देशाची सेंट ब्रँडन बेटे बोनफिशसाठी नावाजलेली आहेत.)

दोन वर्षांनी मी पुन्हा अँड्रॉसला गेलो. तोच वाटाड्या मागितला. त्याने मला ओळखले की नाही, कळले नाही. या खेपेस गळाचा काटा मी आधीच चिमट्याने दाबून सपाट केला होता. दुसऱ्या दिवशी सुकतीच्या वेळी एक मासा लागला, पहिल्यापेक्षा मोठा. तो जवळ आला तसा मी पाण्यात उतरून बसलो, हात ओले केले, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला आणि तोंड प्रवाहाकडे करून त्याला नुसता आधार दिला. वाटाड्या चौथऱ्यावरून खारफुटीची कड न्याहाळीत होता. मासा माझ्या तळहातावर ताठ झाला, एकदा शेपटी आपटली आणि गेला, सावली पाठोपाठ. बराच वेळ आम्ही दोघेही त्या दिशेला पाहत राहिलो. ढवळ उठली नाही. "बारा वाजता," वाटाड्या म्हणाला, "साठ फूट. अजून जातोय."

त्याचा फोटो नाही. गावी गेलो की सारे फोटो मागतात, तेव्हा मी बहामाचे दहा सेंटांचे नाणे पुढे करतो. त्यावर बोनफिशच कोरलेले आहेत. काकूने ते चष्म्याजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिले.

"दोन आसत मां रे!" ती म्हणाली. "एक तरी हाडूचो होतो."