भूचुंबकीय क्षेत्र व होकायंत्र

पृथ्वीच्या अंतर्भागात निर्माण होणारे आणि तिच्या पृष्ठभागापलीकडे अवकाशात दूरवर पसरलेले चुंबकीय क्षेत्र म्हणजे भूचुंबकीय क्षेत्र होय. पृष्ठभागावर त्याची तीव्रता सु. २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये प्रतिपादन केले. तथापि भूगर्भात कायम चुंबक असू शकत नाही. कारण तेथील उच्च तापमानास लोहाचे चुंबकत्व टिकत नाही. सु. २,९०० किमी. खोलीपासून सुरू होणाऱ्या बाह्य गाभ्यात द्रवरूप लोह व निकेल सतत फिरत असतात. या हालचालींमुळे विद्युत् प्रवाह निर्माण होऊन जनित्राप्रमाणे हे क्षेत्र टिकून राहते.

टोकदार आधारावर मुक्तपणे फिरणारी होकायंत्राची सूची या क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाच्या दिशेत स्थिर होते. ही दिशा भौगोलिक उत्तरेशी जो कोन करते, त्यास चुंबकीय दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात तो एका अंशाहून कमी आहे. परंतु तो स्थळानुसार व काळानुसार बदलतो. लंडन येथे १५८० मध्ये तो सु. ११° पूर्व होता, तर १८२० च्या सुमारास सु. २४° पश्चिम झाला होता. क्षेत्राची दिशा क्षितिजाशी जो कोन करते, तो नती होय. भारताच्या दक्षिण टोकाजवळ नती शून्य असून उत्तरेकडे ती वाढत जाते. त्यामुळे सूचीचे उत्तर टोक खाली झुकते. समतोल साधण्यासाठी दक्षिण टोकास पितळी तारेचे वेटोळे बसवितात.

गाभ्यापासून येणाऱ्या क्षेत्रात भूकवचातील खडकांच्या चुंबकत्वाची भर पडते. भंडारा जिल्ह्यातील (तुमसर तालुका) नाकाडोंगरी हे गाव नागपूर, भंडारा व बालाघाट जिल्ह्यांत पसरलेल्या मँगॅनीजच्या पट्ट्यात आहे. डोंगरी बुद्रुक व चिखला येथील खाणी याच पट्ट्यातील होत. तेथील ब्राउनाइट, पायरोल्युसाइट यांसारखी धातुके सूचीवर विशेष परिणाम करीत नाहीत. मात्र लोहयुक्त मँगॅनीज खनिजांपैकी काही तीव्र चुंबकीय असतात. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथील अशाच एका खनिजास लुईस ली फर्मर यांनी व्रेडेनबर्गाइट हे नाव दिले. अशा खनिजाच्या साठ्याजवळ, तसेच लोहमार्ग व पोलादी यंत्रे यांच्या सान्निध्यात सूची विचलित होते. यास स्थानिक आकर्षण म्हणतात.

हा दोष ओळखण्यासाठी सर्वेक्षक रेषेच्या दोन्ही टोकांवरून परस्परांची दिशा मोजतात. दोन वाचनांत १८०° चा फरक न आल्यास किमान एका टोकाशी स्थानिक आकर्षण आहे असे ठरते. दिशेतील १° ची चूक १ किमी. अंतरावर सु. १७.५ मी. सरकते; खाणपट्ट्याची हद्द आखताना किंवा भूमिगत बोगदा खणताना एवढा फरक गंभीर ठरतो. म्हणून अशा भागात केवळ होकायंत्रावर विसंबत नाहीत. सूर्य वा तारे यांच्या वेधांवरून अथवा ज्ञात स्थानाच्या खुणांवरून दिशा पडताळतात. याउलट, हेच विचलन मोजून जमिनीखालील चुंबकीय खडकांचा शोधही घेता येतो.

दिक्पातातील बदल कळण्यासाठी दीर्घकाल अखंड नोंदी आवश्यक असतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ मध्ये अशा नोंदींस प्रारंभ झाला. शहरात विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरताच त्यांच्या प्रवाहामुळे वेधांत व्यत्यय येणार हे स्पष्ट झाले. तेव्हा नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या संचालकत्वाखाली १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात अचुंबकीय पोरबंदर दगड वापरला. १९०४–०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतल्यामुळे जुन्या व नव्या नोंदी परस्परांशी जोडता आल्या. १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे या वेधशाळेचे काम आले. स्थलवर्णनात्मक नकाशांवर दिक्पाताबरोबर त्याचे वर्षही दिलेले असते. जुन्या नकाशावरील दिशा वापरताना मधल्या काळातील बदल हिशोबात घ्यावा लागतो.