मधुमेह : ताट आणि पायवाट

नागपुरात मधुमेहाच्या आहाराचा विषय निघाला की डॉ. श्रीकांत जिचकारांचे नाव येतेच. भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, ही त्यांची शिकवण. तिचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ५५ मिनिटांच्या आतली दोन जेवणे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, हा नेम महाराष्ट्रभर नेला. लोकांनी मात्र त्याची वाटणी केली. कुणी जेवण धरून चालणे सोडले, तर कुणी अंबाझरीला फेरी मारून येताना तर्री-पोहे खातो. मग साखर उतरते ती नेमकी कशाने?

इंग्लंडातील न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी ११ रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उपाशीपोटीची साखर आठवड्यातच पूर्वपदावर आली. यकृतातली चरबी झपाट्याने घटली, स्वादुपिंडातली सावकाश. पुढे २०१७ च्या ‘डायरेक्ट’ चाचणीत तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला गेला. वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो वा अधिक वजन उतरवलेल्यांत ते ८६ टक्के भरले. दुसऱ्या वर्षी मात्र एकूण ४६ चे ३६ झाले.

आता चालण्याचा हिशेब. साडेचार किलोमीटरला साधारण सव्वादोनशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे दोन पोळ्यांच्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. नुसत्या चालण्याने १५ किलो उतरवायचे, तर पाचशेहून अधिक दिवस लागतील, तेही ताटात एक घासही न वाढवता. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून.

म्हणून चालणे फुकट जाते असे नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढतो, आणि हा गुण पुढे दिवसभर तरी टिकतो. उतरलेले वजन परत चढू न देण्यातही व्यायामाचा मोठा वाटा असतो. आपल्याकडे तर स्नायूंचे महत्त्व अधिकच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! अशा ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीराने नुसती उपासमार केली, तर आधीच कमी असलेला स्नायूही झिजतो.

दोनदा जेवणे म्हणजे कमी जेवणे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ‘डायरेक्ट’मध्ये घेतलेले रुग्ण निदानाला सहा वर्षे न उलटलेले आणि इन्सुलिन न घेणारे होते, गोळ्या बंद झाल्या त्याही वैद्यकीय देखरेखीखाली. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना मनानेच उपास धरला, तर साखर जिवावर बेतण्याइतकी खाली येऊ शकते. तेव्हा ताट कमी करण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांचा हिशेब करून घ्यावा. चपला मात्र आजच पायात घालायला हरकत नाही.