वडिलोपार्जित ठासणीची बंदूक : ओळख, मोल आणि जबाबदारी

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पैठण तालुक्यातील पाचोड हे मोसंबीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. या परिसरातील काय किंवा मराठवाड्यातील अन्य गावांतील काय, जुने माळवदी घर उतरवावयास काढले की त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तू बाहेर येतात. तांब्यापितळेची भांडी, मोडी आणि उर्दू कागदांची दप्तरे, आणि क्वचित कापडात गुंडाळून ठेवलेली एखादी लांब नळीची ठासणीची बंदूक. आजोबा-पणजोबांच्या काळातील ही वस्तू घरात अभिमानाने पाहिली जाते. ती लाखाच्या मोलाची असावी अशी एकाची समजूत होते, तर दुसरा तिला मोडीत घालण्याचा सल्ला देतो. दोन्ही मते घाईची होत. अशा वेळी कुटुंबातील मंडळी शिक्षक, सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्याकडेच प्रथम येतात. म्हणून या विषयाची आवश्यक माहिती गावातील जाणत्या व्यक्तींना असणे अगत्याचे आहे.

प्रथम सुरक्षितता

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू, त्यावर बोळा, मग छर्रे आणि पुन्हा बोळा घालून गजाने ते ठासले जाते. त्यामुळे बंदूक भरलेली आहे किंवा नाही हे वरून दिसत नाही. काळी दारू कोरडी राहिल्यास अनेक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून सापडलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे. नळीचे तोंड कोणाकडेही करू नये, घोडा चढवू नये, चाप ओढू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागीर याची तपासणी साध्या रीतीने करतो. लाकडी काठी नळीत अलगद सोडून ती जेथे थांबेल तेथे खूण केली जाते आणि मग ती काठी नळीच्या बाहेरून धरली जाते. काठीचे टोक नळीच्या बुडापर्यंत न पोहोचता काही बोटे अलीकडेच राहिले, तर आत ठासणी असण्याचा संभव असतो. ती घरी उकरून काढण्याचा अथवा नळी तापविण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

बंदुकीची जात कशी ओळखावी

ठासणीच्या बंदुकांचे वय सांगणारी पहिली खूण म्हणजे दारू पेटविण्याची पद्धत. सर्वांत जुनी पद्धत तोड्याची. पेटता तोडा रंजकाला लावून बार काढला जाई. भारतात ही पद्धत एकोणिसाव्या शतकातही टिकून होती. दुसरी पद्धत चकमकीची. घोड्याच्या जबड्यात धरलेला गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पडे. तिसरी टोपीची. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्साइथ या धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या उपयोगाचे एकस्व मिळविले आणि पुढे त्यातूनच तांब्याची टोपी प्रचारात आली. नळीच्या बुडाशी टोपी बसविण्याची बारीक पोकळ बोंडी आणि तिच्यावर आदळणारा घोडा दिसला, की ती टोपीची बंदूक समजावी. चकमकीच्या कित्येक बंदुका नंतर टोपीच्या करण्यात आल्या. अशा बंदुकीच्या बाजूच्या पट्टीवर बुजविलेली जुनी छिद्रे दिसतात.

मात्र ठासणीची बंदूक म्हणजे जुनीच, असे समजणे चुकीचे आहे. पीकसंरक्षणासाठी अशा बंदुका विसाव्या शतकातही भारतात बनत राहिल्या. बिहारमधील मुंगेर हे त्या धंद्याचे प्रसिद्ध ठिकाण आहे. तेव्हा आजोबांची बंदूक दीडशे वर्षांची असेल, तशीच ती साठ वर्षांपूर्वीचीही असू शकेल.

ठशांची भाषा

नळीच्या बुडाशी आणि खालच्या अंगास बारीक ठसे असतात. नळी जादा दारूने तपासून पाहिल्याची ती साक्ष होय. मुकुटाखाली गुंफलेली ‘जी. पी.’ ही अक्षरे लंडनच्या तपासणीगृहाची असतात. मुकुटासह तिरपे राजदंड आणि ‘बी. सी. पी.’ ही अक्षरे १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाची आहेत. लंबगोलातील ‘ई. एल. जी.’ ही अक्षरे बेल्जियममधील लिएज शहराची खूण असून १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. ‘१२’ किंवा ‘१६’ हा आकडा सालाचा नसून नळीच्या व्यासाचा असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो.

‘टॉवर’ हा शब्द व मुकुट पाहून अनेकांना ती इंग्रजी सैन्याची बंदूक वाटते. तसे असूही शकते, कारण सैन्यातून बाद झालेल्या बंदुका नळ्या कापून शिकारीसाठी विकल्या गेल्या. परंतु या ठशाच्या नकलाही पुष्कळ झाल्या. म्हणून एका ठशावरून निर्णय करू नये. सर्व ठशांची स्पष्ट छायाचित्रे घेऊन ती जाणकारास दाखवावीत.

कागदपत्रांचे महत्त्व

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुनी सनद, परवाना किंवा पावती उर्दूत असण्याचा संभव अधिक. तीवरील साल फसली असल्यास त्यात ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन निघतो. उदाहरणार्थ, १३४० फसली म्हणजे इसवी सन १९३०-३१. असा कागद बंदुकीसोबत जपावा. वस्तूचा इतिहास आणि वारसाचा हक्क या दोन्ही गोष्टी सांगणारा तो पुरावा असतो.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. ‘बंदूक वारसाने आली, आम्ही ती कधी वापरलीच नाही,’ हे परवान्याला पर्यायी होत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. जी जुनी अथवा नादुरुस्त हत्यारे दुरुस्तीनेही चालू शकणार नाहीत, त्यांना कलम ४५ अन्वये हा कायदा लागू नाही. पण ठासणीच्या बंदुकीची रचना इतकी साधी असते की पुष्कळ बंदुका थोड्या दुरुस्तीने चालू होऊ शकतात. म्हणून ही सवलत आपणहून गृहीत धरू नये. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने दुर्मीळ संग्राह्य वस्तूंच्या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे बाळगण्यास नागरिकांना परवान्यातून सूट दिली. तथापि ती वापरणे, बरोबर नेणे किंवा त्यांची वाहतूक करणे यांस परवाना लागतोच. आपली बंदूक त्या वर्गात येते किंवा नाही, याची खात्री जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी करून घ्यावी.

परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास वारसाने विनाविलंब बंदूक नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, सविस्तर वर्णनाची पावती घ्यावी आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे वारसा-परवान्यासाठी अर्ज करावा. परवानाधारकाच्या वयाची सत्तर वर्षे किंवा बंदूक बाळगल्याची पंचवीस वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल, त्यानंतर त्याच्या हयातीतही वारसासाठी असा अर्ज करता येतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जमा केलेली बंदूक विहित मुदतीत परत घेतली नाही किंवा तिची रीतसर विल्हेवाट लावली नाही, तर नोटीस देऊन ती शासनजमा होऊ शकते. पावती पेटीत ठेवून विसरल्यामुळे घराण्याची वस्तू कायमची गमावण्याची वेळ येऊ नये.

मोल कशावर ठरते

अशा बंदुकीस ठरावीक बाजारभाव नाही. कारागिराचे नाव, मूळ सुट्या भागांची पूर्णता, नळी व दस्त्याची स्थिती, कोफ्तगिरीसारखे नक्षीकाम आणि मालकीचा सिद्ध इतिहास यांवर तिचे मोल ठरते. कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेल्या साध्या बंदुकीस, ती जुनी असली तरी, फारशी किंमत येत नाही. उलट एखादी साधीच बंदूक गावाच्या नोंदलेल्या इतिहासाशी जोडलेली असेल, तर संग्रहालयाच्या दृष्टीने ती मोलाची ठरते.

सर्वांत मोठे नुकसान उत्साही साफसफाईने होते. काचकागदाने घासल्यास नळीवरील जुनी झिलई आणि ठसे एकदमच जातात. दस्त्याला नवा रंग देणे, तुटका घोडा बदलणे किंवा नळी कापणे यांनीही मोल घटते. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटकणे एवढेच पुरे.

विक्री परवाना नसलेल्या व्यक्तीस करता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असल्यास पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. परदेशातील लिलावाचे आकडे ऐकून हुरळून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

गावाने काय करावे

पाचोडसारख्या गावात बंदूक सापडल्याची माहिती मिळताच सरपंच व पोलीस पाटील यांनी त्या कुटुंबास धीर द्यावा, वस्तू जागची हलवू न देता पोलीस ठाण्यास कळवावे आणि कार्यवाही लेखी होईल असे पाहावे. शिक्षकांनी उर्दू व मोडी कागद वाचून घेण्यास साहाय्य करावे आणि घरातील वृद्धांकडून त्या वस्तूची हकीकत लिहून ठेवावी. ती हकीकत सांगणारे माणूस गेले की बंदूक मुकी होते. कुटुंबास ती ठेवावयाची नसेल, तर छत्रपती संभाजीनगर येथील महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे विचारणा करता येईल.

कायद्याच्या भीतीने बंदूक विहिरीत टाकणे आणि अभिमानापोटी ती दडवून ठेवणे, या दोहोंतही हानीच आहे. वेळीच दिलेली एक माहिती आणि जपून ठेवलेली एक पावती यांमुळे कुटुंब निर्धास्त राहते आणि गावाच्या इतिहासाचा एक दुवाही शाबूत राहतो.