व्याधीला सीमा नाही, विम्याला आहे

दुर्धर व्याधी जडली की नांदेडचा रुग्ण पुष्कळदा मुंबईची नव्हे, हैदराबादची गाडी धरतो. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्य बदलले, वाट बदलली नाही. तेथे मात्र भाषा परकी आणि विम्याचे कागद त्याहून परके.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यत्वे महाराष्ट्रातील संलग्न रुग्णालयांपुरती. 2018 ची आयुष्मान भारत योजना कुटुंबास वर्षाला 5 लाखांचे संरक्षण परराज्यातही देते. पण तेही संलग्न रुग्णालयातच. लातूरच्या कारकुनाने खासगी विमा उतरविला, तरी रुग्णालय कंपनीच्या यादीत नाही हे त्याला अनामत रक्कम मागितल्यावरच कळते. यादीबाहेरही रोख न भरता उपचार मिळण्याची सोय जानेवारी 2024 मध्ये झाली. त्यासाठी नियोजित उपचारापूर्वी 48 तास, किंवा तातडीने दाखल झाल्यावर 48 तासांत, कंपनीस कळवावे लागते. हे किती विमेदारांस ठाऊक आहे?

हप्ता घेताना दिसणारी तत्परता नियम समजावतानाही दिसावयास हवी. नांदेड-लातूरची शासकीय रुग्णालये सक्षम करणे हाच खरा उपाय होय. तोवर हैदराबादेत मराठी जाणणारा एक मदतनीस नेमणे शासनास अशक्य नाही.