शिष्यवृत्ती आणि आपला दवाखाना

वडोदऱ्याच्या मराठी समाजाला शिष्यवृत्तीची महती नव्याने सांगावयास नको. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याआधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळत; त्यासाठी शब्द टाकला होता केळुसकर गुरुजींनी. याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. देणारा उदार होता, घेणारा गुणी होता. तरीही दोघांची गाठ घालून देणारा तिसरा माणूस लागलाच.

आज राजाश्रयाची जागा सरकारी योजनांनी घेतली आहे. त्या तिसऱ्या माणसाची गरज मात्र संपलेली नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका रिक्षाचालकाच्या मुलीला बारावीत ७३ टक्के गुण मिळाले. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीला ‘८० लागतात’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे तिने अर्जाचा विचारच सोडला होता. अशाच ऐकीव माहितीपायी तिच्या थोरल्या भावाचे शिक्षण बारावीवर थांबले होते.

वास्तविक अट ८० टक्क्यांची नसून ८० पर्सेंटाइलहून वरच्या स्थानाची आहे. बालकाचे वजन तक्त्यावर मांडताना आपण डॉक्टर मंडळी हेच पाहतो. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, इतरांच्या तुलनेतील स्थान होय. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ते छापलेले असते. तिचे होते ८६!

या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असावे लागते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरसाल १२,००० रुपये मिळतात. एवढ्यात शिक्षण होत नाही, हे खरे. परंतु बसचा पास, पुस्तके आणि परीक्षा शुल्क यांपायी कॉलेज सुटत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा सहा लाख आहे.

अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरावयाचा. खरी दमछाक कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा, बँक खाते आधारशी जोडावे आणि नाव सर्वत्र एकसारखे ठेवावे. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, एवढ्यानेही अर्ज अडू शकतो. अर्ज भरल्यावर महाविद्यालयाने त्याची पडताळणी केली की नाही, हेही पाहावे. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. त्यासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते.

त्या मुलीचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला आणि मंजूर झाला. आज ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात आहे.

कोणाच्या घरी बारावीचा विद्यार्थी आहे, हे कुटुंबाच्या डॉक्टरांना सहसा ठाऊक असते. निकालाच्या दिवसांत औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता ‘पर्सेंटाइल किती?’ एवढे आपण प्रत्येकाने विचारावे, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे.