दुसऱ्याचें वाहन आणि आपला विमा

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे थोड्या दिवसांत पेरणी उरकावी लागते. अशा वेळीं एखाद्याचा ट्रॅक्टर नादुरुस्त होऊन बसला तर तो शेजाऱ्याकडे जातो, आणि शेजारीहि मागेंपुढें न पाहतां चावी हातीं देतो. यांत नवें कांहींच नाहीं. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून एक औत चालवीत. इर्जिकीच्या दिवशीं सारा गांव आपापलीं औतें घेऊन एकाच्या शेतांत उतरे. तीच रीत यंत्राच्या काळांतहि चालू आहे, आणि ती चालू राहावी हेंच इष्ट होय. तथापि बैल व ट्रॅक्टर यांत कायद्याच्या दृष्टीनें एक मोठा भेद आहे. उसन्या बैलाचे कागद पाहावे लागत नसत. ट्रॅक्टर मात्र सार्वजनिक रस्त्यावर आला कीं तो मोटार वाहन होय, आणि मोटार वाहनास विमा असावाच लागतो. दुसऱ्याचें वाहन आपण चालवीत असतां हा विमा कोणाचा, आणि तो कोणाच्या उपयोगी पडतो, याविषयीं आमच्या शेतकरी बंधूंमध्यें पुष्कळ गैरसमज आढळतो. सबब या विषयाचा येथें थोडा सविस्तर विचार करावयाचा आहे.

पहिला व सर्वांत मोठा गैरसमज हा कीं, "माझ्या ट्रॅक्टरचा विमा उतरविलेला आहे, तेव्हां मी कोणताहि ट्रॅक्टर चालविला तरी हरकत नाहीं." आपल्या देशांत विमा वाहनाचा असतो, चालकाचा नव्हे. विमापत्र, ज्यास गांवोगांव पॉलिसी म्हणतात, तें काढून पाहावें. त्यावर नोंदणीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक व चेसिसचा क्रमांक हे तिन्ही लिहिलेले आढळतील. ज्या वाहनाचे ते क्रमांक, त्याच वाहनापुरता तो विमा. आपण शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसलों कीं आपलें विमापत्र घरच्या पेटींतच राहिलें असें समजावें.

इंग्लंडांत पोटापाण्यासाठीं गेलेलीं आमच्याकडील मुलें कधीं कधीं निराळें सांगतात. तेथें विमापत्रांत कोणी गाडी चालवावी हेंहि नमूद असतें, आणि कांहीं विमापत्रांत धारकास दुसऱ्याची गाडी चालविण्याची मुभा असते. परंतु ती तिऱ्हाईताच्या नुकसानीपुरतीच असते, आणि पुष्कळ विमापत्रांत ती मुळींच नसते. तेथील रीत येथें लावूं नये.

आपल्याकडे तिऱ्हाईताचा विमा १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्यान्वयें १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. सध्यां १९८८ सालचा कायदा लागू आहे, व त्याच्या १४६ व्या कलमानें ही सक्ती कायम ठेविली आहे. सक्तीचा हेतु एवढाच कीं, रस्त्यानें जाणाऱ्या निरपराध मनुष्यास इजा झाली तर वाहनमालकाच्या गरिबीमुळें त्याची भरपाई बुडूं नये. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा विमा चालू असेल, त्यानें तो आपखुषीनें दिलेला असेल, आणि चालविणाराजवळ योग्य परवाना असेल, तर तिऱ्हाईताची भरपाई त्या ट्रॅक्टरची विमा कंपनी देते. परवाना नसेल तर काय? २००४ सालच्या एका महत्त्वाच्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें जें धोरण सांगितलें, त्याप्रमाणें कंपनीनें जखमीस रक्कम आधीं द्यावी व मागाहून ती मालकाकडून वसूल करावी, असे हुकूम वारंवार होत आले आहेत. म्हणजे तिऱ्हाईताचें संरक्षण झालें तरी चावी देणाराचें झालें असें नाहीं.

आतां शेजाऱ्याच्या विम्याची मुदतच संपलेली असेल तर पाहूं. ट्रॅक्टर वर्षांतून थोडे महिनेच राबतो, म्हणून विम्याचा हप्ता लांबणीवर टाकण्याची संवय अनेकांस असते. असा ट्रॅक्टर रस्त्यावर चालविणारा व चालवूं देणारा असे दोघेहि गुन्हेगार ठरतात. पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीं, व पुढच्या गुन्ह्यास दंड ४,००० रुपये, अशी शिक्षा कलम १९६ मध्यें आहे. पण दंड हें त्यांतलें लहान संकट. अपघातांत कोणी दगावला तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई मालकानें व चालकानें आपल्या पदरची द्यावी लागते. ती न दिल्यास कलम १७४ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला जाऊन जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसुली होऊं शकते. थकबाकीची वसुली म्हणजे काय, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. एका दिवसाच्या पेरणीसाठीं घेतलेलें वाहन दोन घरांच्या जमिनीपर्यंत येऊन पोंचतें.

याहून कमी लोकांस ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे चालविणाराच्या स्वतःच्या जिवाची. वाहनमालक स्वतः आपलें वाहन चालवीत असतां अपघात झाला, तर त्यासाठीं १५ लक्ष रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून ठरलेला आहे. पण हा विमा मालकाचा, आणि तो स्वतःच्या नांवावरील वाहन चालवीत असतांनाच लागू होतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आपण चालवीत असूं तर शेजाऱ्याचा हा विमा आपणांस नाहीं, कारण आपण मालक नव्हे. आणि आपला विमाहि नाहीं, कारण वाहन आपलें नव्हे. दोन विमे असून मध्यें मनुष्य उघडा राहतो.

न्यायालयांचे निर्णयहि याच दिशेचे आहेत. कर्नाटकांत इलकलहून आपल्या गांवीं जाण्यासाठीं एका गृहस्थानें दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेतली. पुढें लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अकस्मात् थांबली, तिच्यावर तो आदळला व त्यांत त्याचा अंत झाला. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, वाहन मागून घेणारा हा मालकाच्याच जागीं उभा राहतो. म्हणून चूक सिद्ध न करतां भरपाई देणाऱ्या तत्कालीन कलम १६३-अ खालीं त्याच्या वारसांस त्याच वाहनाच्या कंपनीकडून भरपाई मागतां येत नाहीं. दुसऱ्या कलमाखालीं कांहीं मिळूं शकेल काय, हें पाहण्यासाठीं प्रकरण परत पाठविण्यांत आलें. २०२० सालच्या अशाच एका प्रकरणांत विमापत्रांतील करारापुरते १ लक्ष रुपये तेवढे मंजूर झाले. या मुद्द्यावर पुढेंहि वाद चालू राहिला आहे. पण कुटुंबाचें पोट न्यायालयांतील वादाच्या भरंवशावर ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

वाहन विमा असलेलेंच, पण काम भलतें, असाहि प्रकार घडतो. वीटभट्टीसाठीं माती वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातांत एक मजूर गंभीर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा केवळ शेतीकामापुरता होता, आणि ट्रॉलीचा तर मुळींच नव्हता. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनी जबाबदार नाहीं असेंच ठरविलें. मजुराच्या गरिबीकडे पाहून कंपनीनें आधीं रक्कम द्यावी, पण ती मालकाकडून वसूल करून घ्यावी, असा विशेष हुकूम मात्र दिला. यावरून दोन बोध घ्यावे. ट्रॉलीचा विमा वेगळा पाहावा. आणि शेतीकामापुरता विमा असलेला ट्रॅक्टर भाड्यानें माती, वाळू, विटा वाहावयास देऊं नये. ट्रॉलींत वऱ्हाड किंवा यात्रेकरू बसविणें हें तर सर्वथा वर्ज्य समजावें.

नव्या-जुन्याच्या अदलाबदलींतहि अशीच चूक होते. जुना ट्रॅक्टर विकून नवा घेतला म्हणजे जुना विमा आपोआप नव्यावर येत नाहीं. मागील वर्षांत दावा न केल्याबद्दलची हप्त्यांतील सूट तेवढी रीतसर दाखला घेऊन आपल्याबरोबर नेतां येते. जुन्याचा विमा त्या वाहनाबरोबर खरेदीदाराकडे जातो, व खरेदीदारानें १४ दिवसांच्या आंत त्यावर आपलें नांव लावण्यासाठीं अर्ज करावयाचा असतो. विकणारानेंहि पैसे हातीं आले म्हणून स्वस्थ बसूं नये. नोंदणी ज्याच्या नांवें, त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. तोंडी सौद्यानें गेलेला ट्रॅक्टर कायद्याच्या लेखीं अजून आपल्याच दारांत उभा असतो.

मग सावड सोडून द्यावी काय? मुळींच नाहीं. थोडी दक्षता घेतली म्हणजे झालें. वाहन घेणारानें चावीबरोबर विमापत्र मागावें, आणि त्यावरील मुदत, वाहनाचा क्रमांक, कोणत्या कामापुरता विमा आहे व ट्रॉली त्यांत आहे किंवा नाहीं, एवढें वाचावें. विमा केवळ तिऱ्हाईतापुरता असेल तर त्या ट्रॅक्टरची मोडतोड कोणी भरून द्यावयाची, हें कामाआधींच बोलून घ्यावें. त्यानें मागाहून येणारा कडवटपणा टळतो. देणारानें घेणाराचा परवाना पाहावा, आणि अल्पवयी मुलाच्या हातीं चावी कदापि देऊं नये.

स्वतःच्या जिवासाठीं मनुष्याबरोबर चालणारा विमा वेगळा घ्यावा. बँकेंत खातें असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या मनुष्यास प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत वर्षास २० रुपयांत अपघाती मृत्यूबद्दल २ लक्ष रुपयांचें संरक्षण मिळतें. वाहन कोणाचें, हा प्रश्न तेथें येत नाहीं. रक्कम थोडी आहे. ज्यास परवडेल त्यानें याहून मोठा अपघात विमा घ्यावा.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक गांवच्या शेतकरी संघानें आपल्या सभासदांचे ट्रॅक्टर व ट्रॉल्या यांची एक वही ठेवावी, आणि प्रत्येकापुढें विम्याची मुदत लिहावी. मृगापूर्वीं व ऊसतोडीच्या हंगामापूर्वीं ती एकदां बैठकींत वाचून दाखवावी. ज्याची मुदत संपत आली असेल त्यास चारचौघांत आठवण होईल, आणि शेजाऱ्याकडे कागद मागण्याचा संकोचहि राहणार नाहीं. बैलाचे दांत पाहूनच बैल घेणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस वाहनाचा कागद पाहणें कठीण जाऊं नये.