सहा गठ्ठे

दिवाळीच्या आधी मी फडताळ आवरायला काढलं, की आमच्या ह्यांचा प्रश्न ठरलेला, "एवढं काय काय साठवतेस?" मग जुनी लाइट बिलं, लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या बाहेर पडतात आणि त्यातच कुठंतरी सापडतो तो मुलीचा जन्मदाखला. वर्षभर शोधलेला! कागद हरवलेला नसतो मैत्रिणींनो, तो नको त्या गर्दीत बसलेला असतो.

घरात याचं हसू होतं. कचेरीत मात्र कुणाच्या तरी पोटाला चिमटा बसतो.

माझी एक मावशी माहेराकडच्या एका खेड्यात राहते. काका गेल्यावर तिनं संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज केला आणि खेपा सुरू झाल्या. एक खेप म्हणजे एक रोज बुडाला, वर एस.टी.चं भाडं. दर वेळी उत्तर तेच, "काम चालू आहे मावशी, वाट बघा." सहाव्या खेपेला मी सोबत गेले. टेबलावर गठ्ठ्यांचा डोंगर. तिथल्या बाई नव्यानंच बदलून आलेल्या, पण स्वभावानं चांगल्या. पाऊण तास शोधून त्यांनी अर्ज काढला. वयाचा पुरावा जोडायचा राहिला होता आणि तसा शेराही कोपऱ्यात होता. पण तो शेरा कचेरीनं कचेरीसाठीच लिहिलेला! चार महिने मावशी कचेरीची वाट बघत होती आणि कचेरी मावशीची. पुरावा तर तिच्या पिशवीतच होता.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले माझे सासरे म्हणाले, "लखिनांची पद्धत असती तर हे झालं नसतं." त्यांच्याकडून जे ऐकलं, ते तुम्हांलाही सांगावंसं वाटतं.

आमच्या बीडला लागून असलेला जिल्हा म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथं अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची मांडणी बदलली, कामाची वाटणी ठरवून दिली आणि कागदांना शिस्त लावली. पुढं ही पद्धत 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. तिच्यातली 'सहा गठ्ठे पद्धत' तर आपल्या स्वयंपाकघराला शोभावी अशी आहे.

प्रत्येकाच्या टेबलावरचे कागद सहाच गठ्ठ्यांत ठेवायचे. पहिल्यात आज हातात घ्यायची प्रकरणं. दुसऱ्यात 'प्रतीक्षाधीन', म्हणजे कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेली. तिसऱ्यात ठरावीक मुदतीला पाठवायची विवरणपत्रं. चौथ्यात नेहमी लागणारे स्थायी आदेश. पाचव्यात काम संपल्यावर अभिलेख कक्षात जाणारे कागद आणि सहाव्यात नष्ट करायचे. जपणुकीचंही असंच ठरलेलं. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' त्याहून कमी वर्षांचा आणि 'ड' एका वर्षाचा.

या सगळ्यात माझं मन अडकलं ते दुसऱ्या गठ्ठ्यात. मावशीचा अर्ज त्यातलाच. थांबलेला कागद नुसता वेगळा ठेवून भागत नाही. तो ज्याच्यासाठी थांबलाय, त्याला निरोप गेला पाहिजे. आमच्या नांदूरघाट भागातल्या कितीतरी बाया दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्यापैकी एकीचा कागद असा अडला आणि निरोप गेला नाही, तर पट्टा पडून ती उन्हाळ्यात परतेपर्यंत तो तिथंच!

आता तुम्ही म्हणाल, सगळं कॉम्प्युटरवर आलंय. आलंय खरं, आणि सोयही झाली. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. पण डबे नवे आणले म्हणून डाळ निवडली जात नाही. संगणकातही 'प्रलंबित' असतंच. निरोप मोबाइलवर जातो, पण अर्जात नंबर असतो केंद्रचालकाचा, नाहीतर पुण्याला गेलेल्या मुलाचा. बाईपर्यंत तो पोचतच नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. राज्याच्या २००५ च्या एका कायद्यानं सरकारी नोकरानं फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, असं ठरवलं आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं ठरलेल्या सेवांना मुदत घालून दिली. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही, तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून अर्ज करताना चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

१. अर्जाची पोच घ्याच. तिच्यावर तारीख आणि क्रमांक पाहून घ्या.

२. मोबाइल नंबर स्वतःचा, नाहीतर घरात कायम असणाऱ्या माणसाचा द्या.

३. कचेरीत गेल्यावर "काम कधी होईल?" एवढंच विचारू नका. "माझा कागद कशासाठी थांबलाय?" असं विचारा.

४. कचेरीत सेवांची मुदत आणि शुल्क लिहिलेला फलक असतो. तो वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. मुदत टळली तर तीस दिवसांत अपील करता येतं.

आणि तलाठी, ग्रामसेविका, कारकून म्हणून नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हांला एक विनंती. तुमच्यावर कामाचा बोजा किती आहे, हे मी शाळेत अर्धवेळ शिकवताना थोडंफार अनुभवते. तरी संध्याकाळी टेबल सोडण्यापूर्वी दहा मिनिटं तो दुसरा गठ्ठा चाळा आणि एखादीला फोन करा. बोला मात्र साध्या मराठीत. 'आपल्या प्रकरणी त्रुटी आढळून आली आहे' यापेक्षा 'मावशी, वयाचा कागद घेऊन या' हे लवकर कळतं.

मावशीचं अनुदान पुढं दोन महिन्यांनी सुरू झालं. चार महिने गेले ते गेलेच. मीही घरात सहा जुन्या पाकिटांवर नावं घालून फडताळात ठेवली आहेत. ह्यांनी परवा गॅसचं पुस्तक मागितलं, तेव्हा ते एका मिनिटात हातात दिलं. बघतच राहिले!